चर्चमधल्या चित्रावरून वाद पेटला, तर सही करण्याआधी

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) पॅरिश कौन्सिलवरही होते. तरी एका चित्राविरुद्धच्या अर्जावर मी ते चित्र न बघता सही केली. शेजारच्या एका चर्चमध्ये तिथल्याच एका तरुणाने पवित्र मरियेचं चित्र लावलं होतं. आपल्याकडचं लाल लुगडं नेसलेली मरिया बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्यासारख्या विहिरीच्या, पायरीवर बसलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत फक्त गुडघ्यापर्यंतचे उघडे पाय दिसत होते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर दारात कागद फिरला आणि मी सही करून टाकली. पुढच्या आठवड्यात चित्र उतरलं. ही चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

पहिलं काम म्हणजे तिथे जाऊन चित्र बघणं. फोटोवर मत बनवू नका आणि तो पुढेही पाठवू नका. मिस्सा नसताना जा, शेवटच्या बाकावर बसा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. मग वेदीपर्यंत चालत जाऊन गुडघे टेका आणि तिथून बघा. चर्चमधलं चित्र गुडघे टेकलेल्या माणसासाठी लावलेलं असतं, त्यामुळे त्या उंचीवरून ते कसं दिसतं हे बघायलाच हवं. जमलं तर सकाळी एकदा आणि दिवे लागल्यावर एकदा, असं दोनदा जा. सोबत वही न्या. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जे दिसतं तेवढंच लिहा: हात कुठे आहेत, नजर कुणाकडे आहे, रंग कोणते. उजवीकडे मनात काय आलं ते लिहा. ‘अश्लील’, ‘सुंदर’ हे शब्द उजवीकडचे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच करायला लावायचे. डावा रकाना भरला की उजव्यातले निम्मे शब्द मुलं स्वतःच खोडायची.

मी ते चित्र पाहिलं तेव्हा ते हॉलमध्ये खुर्च्यांच्या चळतीमागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. दोघींनी धरून ते वळवलं. मरियेच्या खांद्यावर बाळ झोपलेलं होतं. फोटोत ते कापलं गेलं होतं. टाचांना भेगा होत्या, भेगांत चिखल रंगवला होता. माझी आई वाडीत शिंपणं करून आली की तिच्या टाचा अशाच दिसायच्या. त्या पायांत मला आता काहीच वावगं दिसेना.

दुसरा प्रश्न जागेचा. चित्र वेदीवर आहे, बाजूच्या भिंतीवर, व्हरांड्यात की प्रदर्शनात? वेदीवरच्या प्रतिमेसमोर अख्खा धर्मग्राम प्रार्थना करतो, तिथे लोकांचा आक्षेप जास्त गंभीरपणे ऐकायला हवा. २०२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझच्या कॅथेड्रलमध्ये एस्टर श्ट्राउस यांचं प्रसूत होणाऱ्या मरियेचं शिल्प मनोऱ्यातल्या एका खोलीत, प्रदर्शनात ठेवलं होतं. वेदीशी त्याचा संबंध नव्हता. तरी काही दिवसांतच कुणीतरी त्याचं डोकं कापलं.

तिसरं, परवानगी विचारा. वेगळ्या धाटणीची प्रतिमा बिशपांच्या मान्यतेशिवाय चर्चमध्ये लावू नये, हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्येच ठरवलं. आजच्या कॅनन कायद्याचं, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्याचं, ११८८ वं कलम सांगतं की प्रतिमा बेताच्या संख्येत आणि योग्य क्रमाने असाव्यात, लोकांचा गोंधळ होऊ नये. दुसरीकडे, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात आपल्या काळातल्या आणि सर्व लोकांच्या, सर्व प्रदेशांच्या कलेला चर्चमध्ये वाव दिला. अट एकच, योग्य तो आदर राखायचा. म्हणजे ‘आपल्याकडे असं नसतं’ एवढ्यावर आक्षेप टिकत नाही. प्रमुख धर्मगुरूंना पत्र लिहाल तेव्हा तीनच गोष्टी लिहा: चित्र कधी पाहिलं, त्यातलं नेमकं काय खटकलं, आणि चित्रकाराशी बोलायची तयारी आहे का. पत्र स्वतःच्या नावाने द्या.

सभा झालीच, तर चित्र आणि चित्रकार दोन्ही समोर हवेत. आणि आधी बोलू द्या ज्यांच्यासाठी ते लावलंय त्यांना. हे मी फ्रान्समधल्या आसीच्या चर्चवरून शिकले. माँ ब्लाँसमोरच्या त्या पठारावर क्षयरोग्यांची आरोग्यधामं होती, त्या रोग्यांसाठी हे चर्च बांधलं. १९५० मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. फादर कुतुरिए यांनी मातिस, रुओ, शागाल, लेजे अशा कलाकारांची कामं तिथे आणली. वेदीवर जर्मेन रिशिए यांचा जेमतेम हातभर उंचीचा ब्राँझचा ख्रिस्त होता. चेहरा नाही, अंग झाडाच्या सालीसारखं खरबरीत, आणि क्रूस कुठे संपतो, देह कुठे सुरू होतो ते कळू नये असा. बायबलमधल्या यशयाच्या ५३ व्या अध्यायातला रूप आणि शोभा नसलेला सेवक. बाहेरच्यांनी पत्रकं काढून निषेध केला. १९५१ च्या एप्रिलमध्ये बिशपांनी तो उतरवायला लावला. त्या झिजलेल्या देहात स्वतःला ओळखणारे रोगी तिथेच होते, निर्णय मात्र त्यांच्या म्हणण्यावर झाला नाही. जवळजवळ दोन दशकांनी तो क्रूस वेदीवर परत आला.

आपल्याकडेही असं घडलंय. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) शांतिनिकेतनात शिकून आले आणि मरियेला साडी नेसवली. गोव्यात टीका झाली, त्यांनी पुणे गाठलं आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात चित्रं काढत राहिले. स्वतः कॅथलिक, आसरा मिळाला अँग्लिकन, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या, आश्रमात! याचं मला आजही वाईट वाटतं. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. गोव्याला गेलात तर मुद्दाम बघा.

सगळं ऐकूनही चित्र उतरवायचं ठरलं, तर तेही नीट करा. चित्रकाराला आधी घरी जाऊन सांगा, त्याला दुसऱ्याकडून कळता कामा नये. दिवसाउजेडी उतरवा, दोघांनी धरा, स्वच्छ सुती चादरीत गुंडाळा. प्लॅस्टिक नको, आपल्या दमट हवेत आत बुरशी धरते. भिंतीला टेकवायचं तर खाली लाकडी पट्ट्या घाला. आणि मागच्या बाजूला, फ्रेमच्या लाकडावर, मऊ पेन्सिलीने लिहा: कुणी काढलं, कुठे लावलं होतं, कोणत्या तारखेला उतरवलं, कुणाच्या सांगण्यावरून. परत लावायची वेळ आली की जागा आणि उंची शोधत बसावं लागत नाही.