चौदा टिप्पण्या यंत्राच्या वाट्याच्या

पावतीवर ‘अक्षरी रुपये’ छापायला मदत करणारं एक छोटं पायथन पॅकेज मी सांभाळते. मराठीत १ ते ९९ पर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा पाठ करावा लागतो, म्हणून पॅकेजचा जीव म्हणजे शब्दांचा एक तक्ता आणि थोडे नियम. काही वर्षांपूर्वी सांगलीच्या एका विद्यार्थिनीने तिची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवली. १०० ला ‘शंभर’ऐवजी ‘एकशे’ छापलं जात होतं, ते तिने दुरुस्त केलं होतं. मी तिला चौदा टिप्पण्या दिल्या. सगळ्या अवतरणचिन्हं, मोकळ्या जागा आणि ओळींच्या लांबीवर. ‘शंभर’बद्दल एक शब्द नाही. ती परत आली नाही. दुरुस्ती मी नंतर तिच्या नावानेच मर्ज केली, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळली, पण त्या चौदा टिप्पण्या अजून सलतात. त्या मी द्यायच्याच नव्हत्या, यंत्राने द्यायच्या होत्या. ती सोय मी कशी केली ते सांगते, म्हणजे तुमच्याकडचा नवा माणूस तरी टिकेल.

आधी फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं साधन, एकच निवडा आणि मांडणीचा वाद तिथेच मिटवा. मी ब्लॅक घेतला. लुकाश लांगाने २०१८ मध्ये आणलेल्या या साधनात पर्याय मुद्दामच मोजके आहेत: ओळ ८८ अक्षरांची, अवतरणं दुहेरी. मला स्वतःला एकेरी आवडतात, तरी मी सोडून दिलं. ब्लॅकची आवृत्ती मात्र नेमकी लिहून ठेवा. त्याची स्थिर शैली एका कॅलेंडर वर्षात बदलत नाही, नव्या वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत बदलू शकते. आवृत्ती मोकळी सोडली, तर जानेवारीत कुणीही काही न करता आपोआप होणारी तपासणी लाल, म्हणजे नापास, होईल.

मग सगळा जुना कोड एकदाच फॉरमॅट करा, आणि त्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या त्या बदलात, दुसरं काही म्हणजे काही घालू नका. त्याआधी उघड्या पुल रिक्वेस्ट शक्य तितक्या निकाली काढा, नाहीतर प्रत्येकीत कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच ओळीवर दोन बदलांची टक्कर, येतील. ब्लॅक आधीचा आणि नंतरचा कोड आतून ताडून पाहतो आणि अर्थ बदलत असेल तर फाइल लिहीत नाही, त्यामुळे त्याची भीती नको. भीती तक्त्याची. माझा तक्ता दहा-दहा शब्दांच्या ओळींत मांडलेला होता, डोळ्यांनी तपासता यावा म्हणून. ब्लॅकने त्याच्या शंभर ओळी केल्या. अशा जागी तक्त्याच्या आधी ‘एफएमटी ऑफ’ आणि नंतर ‘एफएमटी ऑन’ अशी कॉमेंट टाकायची, की ब्लॅक मधल्या भागाला हात लावत नाही.

या एका कमिटमुळे गिट ब्लेममध्ये, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या सोयीत, बदललेल्या प्रत्येक ओळीवर तुमचं नाव येतं आणि मूळ लेखक झाकले जातात. मला हे अन्यायाचं वाटतं. त्यावर उपाय आहे: ‘गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज’ नावाची, टिंबाने सुरू होणारी फाइल करून तिच्यात त्या कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे गिटने दिलेला ओळखक्रमांक, लिहायचा. गिटमध्ये ही सोय २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून आहे आणि गिटहब ही फाइल आपण होऊन वाचतं. पायथनमधल्या जँगो या वेब फ्रेमवर्कनेही २०२२ मध्ये सगळा कोड ब्लॅकने फॉरमॅट केला तेव्हा हेच केलं. फक्त हॅश मुख्य शाखेत मर्ज झाल्यावरचा घ्या. स्क्वॉश करून, म्हणजे सगळे कमिट एकात गुंडाळून, मर्ज केलं की हॅश बदलतो. मी आधीचा लिहिला होता आणि फाइल का चालत नाही हे शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

आता प्री-कमिट, म्हणजे कमिट होण्याआधी तपासण्या आपोआप चालवणारं साधन. त्याच्या यामल (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये ब्लॅकचा पत्ता आणि आवृत्ती लिहा. गिटचे हुक, म्हणजे कमिटसारख्या क्षणी आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम, कोडची प्रत उतरवली (क्लोन केली) तरी तिच्याबरोबर येत नाहीत, म्हणून प्रत्येकाने आपल्या मशीनवर एकदा ‘प्री-कमिट इन्स्टॉल’ चालवावं लागतं. नवखे घाबरतात ते इथे: हुक फाइल सुधारतो आणि कमिट थांबवतो. त्यांना वाटतं आपण काहीतरी मोडलं. म्हणून माझ्या मार्गदर्शक फाइलमध्ये मराठीत लिहिलंय, ‘काही बिघडलेलं नाही. फाइल पुन्हा ॲड करा आणि पुन्हा कमिट करा.’

हुक टाळता येतो, म्हणून खरी चौकी गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबवर आपोआप तपासण्या चालवणाऱ्या सोयीवर. तिथे ब्लॅक वेगळा बसवू नका. सगळ्या फाइलींवर प्री-कमिटच चालवा, म्हणजे आवृत्ती एकाच ठिकाणी राहते. अपयश आल्यावर डिफ (आधीच्या आणि नंतरच्या कोडमधला फरक) दाखवण्याचा पर्यायही द्या, म्हणजे काय बदलायचं ते समोर दिसतं. मग ब्रँच प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेच्या संरक्षणाच्या नियमांत, ही तपासणी सक्तीची करा.

फोर्कमधून, म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातल्या प्रतीतून, आलेला कोड आपोआप दुरुस्त करून ढकलायचा मोह होतो. त्यासाठी ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा ट्रिगर वापरून अनोळखी कोड चालवू नका. त्यात तुमच्या गुप्त किल्ल्या परक्या कोडच्या हाती लागू शकतात.

पहिल्यांदा येणाऱ्याची तपासणी बहुधा सांभाळणाऱ्याच्या मंजुरीसाठी अडून राहते, तेव्हा ते बटण मी त्याच दिवशी दाबते. लाल आली आणि त्या व्यक्तीने आपल्या शाखेत बदल करायची परवानगी ठेवली असेल, तर पहिल्या वेळी ब्लॅक मीच चालवून ढकलते. माझी टिप्पणी मग १०० आणि १०१ बरोबर छापले जातात का, यावर असते.