महापुराची तयारी करताना या चुका टाळा

आमच्या सोप्याच्या भिंतीवर आप्पांनी २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवली होती. निळ्या ऑइल पेंटची, वर साल घातलेली. चौदा वर्षं आमच्या घराची सगळी तयारी त्या रेघेवर बेतलेली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा फुगायला लागली तेव्हा गव्हाची पोती, गाद्या, कागदांची ट्रंक सगळं त्या रेघेच्या वीतभर वर रचलं आणि आम्ही निश्चिंत झालो. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ, जिथे नदीची पातळी मोजतात, पाणी ५४ फुटांच्या आसपास थांबलं होतं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. रेघ बुडाली आणि तिच्या भरवशावर ठेवलेली एकही वस्तू हाती लागली नाही.

मागचा पूर म्हणजे शेवटची हद्द, असं धरून चालणं ही आमची पहिली चूक. आमच्या आळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरानं ती केली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास आलं, तोवर आम्ही काही गोष्टी बदलल्या होत्या. त्यासाठी फार पैसा लागला नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत महिन्याला ४००-५०० रुपये बाजूला काढले, तेवढ्यात भागलं. खरं काम पैशाचं नव्हतंच. काय, कधी आणि कुणी करायचं हे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवणं हे खरं काम होतं.

खरेदी आधी, निर्णय नंतर

मे महिन्यात लोक टॉर्च घेतात, ताडपत्री घेतात, पण घर कधी सोडायचं हे कुणी ठरवत नाही. मग पाणी दारात आल्यावर घरात वाद सुरू होतात. म्हातारी माणसं म्हणतात, बघू सकाळपर्यंत. सकाळी रस्ता गेलेला असतो. आमच्या आजीला २०१९ ला खुर्चीसकट उचलून बोटीत ठेवावं लागलं. त्याच दिवसांत पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. उशिरा निघालं की मिळेल त्या बोटीत, मिळेल तेवढ्या गर्दीत बसावं लागतं. ती वेळच येऊ द्यायची नाही, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ हेच आकडे ३९ आणि ४३. हे आकडे शहराचे आहेत, तुमच्या घराचे नव्हेत. सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरसारख्या सखल भागात इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं, तर वरच्या पेठेत ५० फुटांनाही रस्ता कोरडा असू शकतो. म्हणून आपल्या घराचा आकडा काढायचा. गल्लीच्या कोपऱ्यावर पाणी लागलं तेव्हा पुलाजवळ किती फूट होतं, घरातून बाहेर पडायचा रस्ता कितीला बंद झाला, हे जुन्या शेजाऱ्यांना विचारा. रस्ता बंद होण्याचा आकडा उंबऱ्याच्या आकड्याहून महत्त्वाचा, कारण घर कोरडं असतानाच तुम्ही अडकलेले असता.

त्या आकड्यातून दोन-तीन फूट वजा करा आणि तो स्वयंपाकघराच्या दारावर लिहा. आमच्या दारावर तीन ओळी आहेत. पहिल्या आकड्याला कागद, औषधं आणि धान्य वरच्या मजल्यावर. दुसऱ्याला आजी, मुलं आणि म्हैस काकांच्या गावी. तिसऱ्याला मेन स्विच बंद, गॅस बंद, कुलूप. तिसरा आकडा आला की त्यावर चर्चा नाही, हे आप्पांनीच सगळ्यांसमोर कबूल केलं. रेघ त्यांनीच मारली होती, म्हणून त्यांच्या तोंडून ते येणं गरजेचं होतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सांगली-कोल्हापूरचा पूर चढायला दिवस घेतो, म्हणून आम्हाला फुटांच्या हिशेबानं वागता येतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी काही तासांत बाजारपेठेत शिरलं. कोकणात किंवा डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी आकड्याची वाट बघू नये. रात्रभर मुसळधार पाऊस आहे आणि भरतीची वेळ जवळ आहे, एवढं कळलं तरी झोपण्याआधी म्हाताऱ्यांना आणि लहानांना वरच्या मजल्यावर हलवावं.

नदीकडे तोंड करून बसणं

पाणी नदीच्या बाजूनं येईल असं वाटतं आणि सगळे घाटाकडे बघत राहतात. प्रत्यक्षात ते नाल्यातून, गटारातून, मागच्या बाजूनं येतं. सांगलीत शेरीनाला हा शहरातला मोठा नाला भरला की नदीपासून लांबच्या गल्ल्याही ओल्या व्हायला लागतात. घरात सगळ्यात आधी संडासातून आणि मोरीच्या जाळीतून पाणी उलटं वर येतं. यावर स्वस्तातला उपाय म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात माती किंवा वाळू भरून संडासाच्या भांड्यावर घट्ट बसवायची आणि मोरीत चिंध्यांचा बोळा दाबून वर पाटा ठेवायचा. पाणी यानं थांबणार नाही, पण घाण वर येणं कमी होतं. नंतरची साफसफाई कुणी केली असेल त्याला याची किंमत कळेल.

पुरात पाणी कशाला साठवायचं?

हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतं. २०१९ ला कोल्हापुरात नळाचं पाणी नदीतून उचलणारी उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि अर्धं शहर पाण्यात असताना नळ कोरडे पडले. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद झाल्यावर दूध, पेट्रोल, गॅस, भाजी सगळ्याचाच तुटवडा झाला. वीज नाही म्हणून मोटर नाही, आणि मोटर नाही म्हणून वरची टाकी रिकामी.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ४ लिटर धरा. पाच माणसांना तीन दिवसांसाठी ६० लिटर होतात. त्यासाठी नवीन काही घ्यायची गरज नाही. कळश्या, घागरी, झाकणाचे डबे आणि २० लिटरचा एक कॅन एवढ्यात ते बसतं. शेतातल्या औषधाचा किंवा केमिकलचा ड्रम कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नका. दुकानदार स्वस्तात देतो म्हणून लोक तो घेतात आणि ही चूक फार महागात पडते.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी स्वच्छ दिसायला लागतं. इथेच फसायला होतं. तुरटीनं जंतू मरत नाहीत. निवळलेलं पाणी फडक्यानं गाळून चांगलं खळखळ उकळा, किंवा त्यात आरोग्य केंद्रातून मिळणारं द्रव क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. त्याची बाटली जूनमध्येच आशाताईंकडे मागून ठेवा. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ जास्त पडणं वाईट, म्हणून अंदाजानं टाकू नका.

खाण्याचं सांगायचं तर, शिजवावं लागणार नाही असं घरात ठेवा. चटणी, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे, फुटाणे, भडंग, कडक भाकरी. हे आपण एरवीही खातो, त्यामुळे जुनं संपत जातं आणि नवं भरलं जातं. नूडल्सची पाकिटं साठवून ठेवली आणि गॅस नसेल, तर त्यांचा काही उपयोग नाही.

कागद एकाच पिशवीत

आमचे कागद एका ट्रंकेत होते आणि ट्रंक गेली. रेशन कार्ड, सातबारा, पासबुक, आजीच्या शुगरच्या फायली, माझी मार्कशीट. नंतर प्रत्येकासाठी वेगळ्या खिडकीपुढे उभं राहिलो. आता मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि झेरॉक्सचा एक संच उंचावर राहणाऱ्या मावशीकडे. आधार आणि मार्कशीट डिजिलॉकरवर घेतली आहेत. सगळ्यांचे फोन नंबर वहीत पेनानं लिहिले आहेत, कारण २०१९ ला मोबाईल बंद पडल्यावर मला माझ्या सख्ख्या बहिणीचा नंबर आठवेना. त्याच पानावर १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ तातडीच्या मदतीसाठी आणि १०७७ जिल्हा नियंत्रण कक्षासाठी. डब्यात १००-२०० च्या नोटांमध्ये थोडी रोख ठेवली आहे. वीज गेली की एटीएम आणि यूपीआय दोन्ही थांबतात.

बातम्यांसाठी सेलवर चालणारा रेडिओ फार उपयोगी पडला. व्हॉट्सॲपवर धरण फुटल्याच्या अफवा फिरत होत्या. आकाशवाणी सांगलीवरून खरा आकडा कळला की घरातला जीव शांत व्हायचा.

पाणी उतरल्यावरच्या चुका

पाणी चढताना माणूस सावध असतो. उतरल्यावर घाई करतो, आणि जास्त नुकसान तिथेच होतं.

मीटर भिजला असेल तर मेन स्विचला हात लावू नका. वायरमननं तपासेपर्यंत वीज नको. फ्रिज किंवा मिक्सर वरून वाळलेला दिसला तरी आत ओल असते, तो लगेच लावू नका. गाडी पाण्यात होती तर चावी फिरवायची नाही, ढकलून गॅरेजला न्यायची. इंजिनात पाणी असताना ती चालू केली तर किरकोळ दुरुस्तीचं काम इंजिन खोलण्यावर जातं. घरात गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

घर धुण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं धान्य, पडलेली भिंत, मेलेलं जनावर. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत लोकांनी सगळं धुऊन टाकलेलं असतं आणि मग दाखवायला काही उरत नाही.

भिजलेला गहू वाळवून दळायचा मोह होतो. वर्षाचं धान्य टाकून देताना हात थरथरतो, मी ते केलं आहे. तरीही टाकाच. गटाराचं पाणी त्यात मुरलेलं असतं. भिजलेल्या गोळ्याही टाकायच्या. वीज नसताना आजीच्या इन्सुलिनसाठी आम्ही माठ वापरला. माठाभोवती ओलं फडकं, आत कोरड्या डब्यात बाटली. वापरात असलेली बाटली बाहेर किती दिवस चालेल हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा.

चिखल काढताना अनवाणी उतरू नका. पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतानं घाण झालेल्या पाण्यातून होणारा ताप) धोका असतो. नंतर ताप आला तर अंगावर काढू नका, आणि पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. कपाटं, भांड्यांची फळी, गादीची गुंडाळी आधी काठीनं हलवून बघा, साप कोरडी जागा शोधत तिथेच येऊन बसतात. चावलाच तर दोरी आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखान्यात.

जनावरांचं मी मुद्दाम शेवटी सांगते आहे, कारण ते सगळ्यात जास्त राहून जातं. गोठ्यात दाव्याला बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं पोहून वाट काढतं. म्हैस वेळेत हलवता आली नाही, तर निघताना दावं तेवढं सोडा. आमच्या गोठ्याच्या खांबाला आता एक विळा कायमचा अडकवलेला असतो, कारण भिजलेली गाठ हातानं सुटत नाही.