केसांना फाटे फुटू नयेत म्हणून घरी करायचं शेवटचं पाणी

एकदा फुटलेला फाटा कुठल्याही पाल्याने, काढ्याने किंवा तेलाने परत जुळत नाही. त्वचेबाहेर आलेला केस जिवंत नसतो, त्यामुळे त्याची झीज आतून भरून निघत नाही. सात दिवसांत फाटे गायब करून दाखवणाऱ्या कृती इथेच बाजूला ठेवा. केस धुतल्यावर वरून ओतायच्या पाण्याचं काम वेगळं असतं. त्याने केस एकमेकांवरून सहज सरकतात, विंचरताना ओढ कमी बसते आणि नवे फाटे कमी फुटतात. लांब केस सांभाळणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं.

केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे 45 सेंटीमीटर लांब केसाचं टोक जवळजवळ पावणेचार वर्षं ऊन, कंगवा, टॉवेल आणि उशी सोसत आलेलं असतं. केसावर कौलांसारखे एकावर एक रचलेले बारीक खवले असतात. ते टोकाकडे झिजत जातात, आतला धागा उघडा पडतो आणि उभा चिरतो. म्हणून हे पाणी लावायचं ते टोकांना आणि खालच्या अर्ध्या भागाला. मुळांना नाही. मुळांवर ओतून ‘केस चिपचिपीत झाले’ अशी तक्रार करणारे बरेच भेटतात.

आधी कात्री

फुटलेली टोकं आधी कापा. फाट्याच्या वर अर्धा ते एक सेंटीमीटर सोडून कापायचं, कारण चीर दिसते त्याहून वरपर्यंत गेलेली असते. केसावर मध्येच पांढरा ठिपका दिसला तर तिथे केस मोडायला आलेला असतो, कापायचं ते त्याच्याही वरून. कात्री केसांचीच आणि धारदार हवी. कागद कापायच्या बोथट कात्रीने केस चेंगरतो आणि तिथूनच पुढचा फाटा सुरू होतो.

कशाचं पाणी करायचं

वनस्पतींची यादी कितीही लांब करता येते, पण कामाच्या दृष्टीने तीनच प्रकार आहेत. बुळबुळीत पाणी: जवस, जास्वंदीची पानं, भिजवलेली मेथी. आंबट पाणी: आवळ्याचा काढा किंवा पातळ केलेलं व्हिनेगर. तुरट पाणी: चहा आणि त्याच्यासारखे काढे.

फाट्यांसाठी बुळबुळीतच. तुरट पाण्याने केस क्षणभर भरदार वाटतात, पण वारंवार वापरलं तर कोरडे आणि राठ होतात, शिवाय टॉवेलवर डाग पडतात. पंधरा दिवसांतून एकदा हौस म्हणून ठीक. रिठ्याला या यादीत जागाच नाही. रिठा मळ काढतो, केस मऊ करणं हे त्याचं काम नव्हे.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगते: कुठलीही पूड पाण्यात कालवून केसांवर ओतू नका. पूड विरघळत नाही. तिचे कण केसांत अडकतात आणि कंगवा फिरवताना खवले खरवडतात. पूडच हाताशी असेल तर ती रात्रभर भिजवा, तळाशी बसू द्या आणि फक्त वरची निवळ घ्या.

मी स्वतः जवसावर स्थिरावले आहे. त्याला उग्र वास नाही, रंग लागत नाही आणि त्याचा बुळबुळीतपणा हवा तसा कमीजास्त करता येतो. मेथीचं पाणीही गुणाचं, पण त्याचा वास दुसऱ्या दिवशीही सोडत नाही. जास्वंदीची ताजी पानं मिळत असतील तर ती गार पाण्यात हाताने चांगली कुस्करा आणि गाळा. शिजवायची गरज नाही.

शिजवणं आणि गाळणं

सगळी गोम इथे आहे. जवसाचं पाणी बिघडतं ते शिजवताना आणि गाळताना, आणि बहुतेक कृती हा भाग ‘उकळून गाळून घ्या’ एवढ्यावर उरकतात.

एक मोठा चमचा अख्खे जवस आणि अर्धा लिटर पाणी. अख्खेच. भाजलेले नकोत, कुटलेले तर अजिबात नकोत. बुळबुळीत पदार्थ बियांच्या वरच्या सालीत असतो आणि तो गरम पाण्यात आपोआप सुटतो. बी फोडलं की आतलं तेल आणि भुसा पाण्यात उतरतो, आणि तो भुसा केसांतून निघता निघत नाही.

मध्यम आचेवर ठेवा आणि सतत ढवळत राहा, नाहीतर बिया तळाला चिकटतात. उकळी आल्यावर सात-आठ मिनिटं पुरतात. घड्याळापेक्षा चमच्याकडे लक्ष द्या. आधी चमच्यावरून पाणी पाण्यासारखं टपकतं. मग थेंब जरा रेंगाळायला लागतो, खाली सुटताना मागे बारीक शेपूट ओढतो. तिथेच आच बंद करायची. ‘अजून थोडं घट्ट होऊ दे’ हा मोह टाळा. पातेल्यात पातळ वाटणारं पाणी निवल्यावर बरंच दाटतं. पातेल्यातच दाट दिसलं तर गाळण्याची आशा सोडा, कारण त्याचा गोळा बियांना घट्ट धरून बसतो.

गाळायचं ते गरम असतानाच, आच बंद केल्याबरोबर. गाळणी आणि भांडं आधीपासून शेजारी तयार हवं. कोमट झाल्यावर गाळू असं म्हणणाऱ्याला चमच्याने खरवडत बसावं लागतं आणि निम्मं पाणी बियांबरोबर फेकावं लागतं. पहिल्यांदा तारेच्या बारीक गाळणीतून बिया काढा. मग लगेच पातळ मलमलीतून दुसऱ्यांदा गाळा, म्हणजे सालीचे तुकडे अडकतील. थेट कापडात ओतायची घाई करू नका. बियांनी कापड तुंबतं, मग पिळायचा मोह होतो, आणि पिळलं की सगळा भुसा खाली. शिवाय हे पाणी उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजतं, कारण ते ओघळून जात नाही, त्वचेला चिकटून राहतं. लहान मुलं आसपास असताना हे काम काढू नका.

दाट झालंच तर? त्यात गरम पाणी घालून ढवळा, पुन्हा एक उकळी आणा आणि लगेच गाळा. गार पाणी घातलं तर गुठळ्या राहतात.

आता पारख. निवलेल्या पाण्याचा एक थेंब काळ्या किंवा गडद झाकणावर पसरून पूर्ण वाळू द्या. बोटाने घासल्यावर पापुद्रा सुटला तर पाणी दाट आहे. हाच पापुद्रा केसांवर वाळला की कोंड्यासारखा दिसतो आणि लोक जवसाला दोष देतात. कोमट पाणी घालत जा आणि पुन्हा थेंब वाळवून बघा. वाळल्यावर नुसती पुसट चमक राहिली की जमलं. बोटांत चोळताना मात्र ते बुळबुळीत लागायलाच हवं. तसं लागत नसेल तर ते नुसतं पाणी आहे.

लावणं

नव्या वनस्पतीचं पाणी पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, असं काही नसतं. खाज किंवा लाली आली तर ती वनस्पती तुमच्यासाठी नाही.

केस नेहमीसारखे धुवा, जास्तीचं पाणी हाताने निपटून काढा, आणि मग हे पाणी खालच्या अर्ध्या केसांवर ओता. खाली भांडं ठेवलं तर तेच पाणी दोन-तीनदा ओतता येतं.

केसांत हे पाणी असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता काढा. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून ओले केस विंचरू नका असं सांगतात. ते बरोबरच आहे. पण बुळबुळीत पाण्याने कंगवा अडकत नाही, आणि खरा फायदा इथेच पदरात पडतो. आधी टोकं, मग थोडं वर, मग आणखी वर. मुळापासून खाली ओढत आलात तर इतका वेळ खटपट केली कशाला?

जवसाचं पातळ पाणी केसांत राहिलं तरी चालतं. मेथीचं आणि जास्वंदीचं साध्या पाण्याने हलकेच धुवा. मग टॉवेलने दाबून पाणी टिपा, चोळू नका.

आंबट पाणी कधी

केस साबणाच्या वडीने धूत असाल तर किंवा पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तरच. साबण अल्कधर्मी असतो, त्याने खवले उघडतात, आणि जड पाण्यात त्याचा थर केसांवर बसतो. 250 मिलीलिटर पाण्यात एक मोठा चमचा 5 टक्क्यांचं व्हिनेगर घाला, ते ओता, मिनिटभर ठेवा आणि साध्या पाण्याने धुवा. बुळबुळीत पाणी त्याच्यानंतर. व्हिनेगर नुसतं ओतू नका, टाळू पोळते. डोळेही सांभाळा. लिंबू मी वापरत नाही. त्याचा रस फार आंबट असतो, आणि तो त्वचेवर राहून वर ऊन लागलं तर डाग आणि फोडही येऊ शकतात. खाण्याचा सोडा तर केसांच्या आसपासही नको.

सुगंधी तेलाचे थेंब पाण्यात टाकायची सूचना दिसली तर वाचून सोडून द्या. तेल पाण्यात मिसळत नाही, ते वर तरंगतं आणि टाळूच्या एकाच जागी जाऊन झोंबतं.

किती दिवस ठेवायचं

आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. या पाण्यात टिकवणारं काही नसतं, त्यामुळे बाहेर ठेवलं तर ते लवकर नासतं. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, त्यापुढे नाही. एका वेळच्या मापाचे बर्फाचे खडे करून ठेवले तर जास्त टिकतात. वापरायच्या आधी ते वाटीत काढून गरम पाण्यावर धरा. वास आंबूस झाला, वर फेस दिसला किंवा बुळबुळीतपणा जाऊन पाणी पातळ पडलं, की ओतून द्या. बाटली उकळत्या पाण्याने धुतल्याशिवाय त्यात पुढचं पाणी भरू नका.