घोंगडीचा डफल कोट कसा शिवायचा

आमच्या परभणीकडं पौषात रात्रीची लाईट असली, की हरभऱ्याला दारं धरायला जावंच लागतं. हात चिखलानं भरलेले, बोटं बधिर. अशा वेळी जॅकेटची चेन लागत नाही आणि बटण तर सापडतही नाही. म्हणून मी शेतकऱ्यांसाठी डफल कोट शिवतो, आणि तो घोंगडीचाच शिवतो.

बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ डफल नावाचं गाव आहे. तिथल्या जाड, खरबरीत लोकरी कापडाला गावाचं नाव पडलं आणि कापडावरून कोटाला. ब्रिटिश नौदलानं हा कोट डेकवर पहारा देणाऱ्यांच्या अंगावर चढवला. बटणांच्या जागी लाकडी खुंट्या आणि दोरीचे फासे, कारण हातमोजे न काढता कोट लागला पाहिजे. मागची टोपी मोठी, कारण ती नौदलाच्या टोपीवरून ओढायची असे. दुसऱ्या महायुद्धात फील्ड मार्शल माँटगोमेरी हाच कोट घालत. युद्ध संपल्यावर उरलेले कोट स्वस्तात विकायला निघाले. हातमोजे आणि ओव्हरऑल विकणाऱ्या हॅरॉल्ड आणि फ्रेडा मॉरिस या जोडप्यानं ते विकले आणि १९५१ मध्ये ग्लोव्हरॉल ही कंपनी काढली. तिथून तो कॉलेजच्या पोरांच्या अंगावर गेला. त्या टोपीत आणि धनगराच्या घोंगडीच्या खोळीत मला तरी फरक दिसत नाही.

मी घोंगडी माळेगावच्या यात्रेतून आणतो. तिला चिंचोक्याची खळ असते, त्यामुळं ती पत्र्यासारखी ताठ लागते. कापायच्या आधी एक रात्र साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा. हे चुकवू नका. मेहुण्याचा पहिला कोट मी तशीच घोंगडी कापून शिवला होता. एका पावसात बाह्या दोन बोटं वर गेल्या आणि मुंढ्यात आवळायला लागलं. तो कोट मला पुन्हा उसवावा लागला.

आतून स्वेटर येणार, म्हणून छातीच्या मापात आठ इंच जास्त धरा. लांबी अर्ध्या मांडीपर्यंत. मार्जिन इंचभर ठेवा आणि कापल्याबरोबर कडेनं टीप मारून घ्या, नाहीतर सूत सुटत जातं. सुई अठरा नंबरची, टाका लांब. शिवण दुमडायची नाही, तिथं चार थर होतात आणि मशीन अडते. शिवण उघडी करून दाबा आणि वरून सुती पट्टी लावा. खांद्यावर घोंगडीचाच दुसरा थर द्या, पाणी आधी तिथंच पडतं. लोकर टोचते, म्हणून आत धुतलेल्या मांजरपाटाचं अस्तर. खिसे मोठे, वरून लावलेले. बॅटरी बसली पाहिजे.

आता खुंट्या, माझ्या मते कोटाचा जीव यांच्यातच आहे. सुताराकडून बाभळीचे तुकडे घ्या. अडीच इंच लांब, करंगळीएवढ्या जाड अशा चार खुंट्या घासून गुळगुळीत करा. मधोमध दोरी बसेल एवढी खाच पाडा, जवसाचं तेल लावून आठ दिवस ठेवा. दोरी सुती, दुहेरी पिळाची. तिची टोकं चामड्याच्या तिकोनी तुकड्याखाली दाबून शिवा. चामड्याला टाचणी लावू नका, भोक राहतं. खडूनं खूण करा. फासा खुंटीच्या जाडीपेक्षा थोडासाच मोठा हवा. सैल झाला तर वाकल्यावर कोट आपोआप सुटतो.

गिऱ्हाइकाला कोट देण्याआधी मी बादलीत दोन्ही हात बुडवतो, डोळे मिटतो आणि चारही खुंट्या लावून बघतो. एखादी अडकली, तर तो फासा उसवून सूतभर वाढवतो.