कातळावर हापूस लावलात, आता दहा वर्षं टिकायचं कसं

देवगडकडे बाग लावायची म्हणजे आधी जांभा फोडायचा. एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा, दोन खड्ड्यांत १० मीटर अंतर; एकरी ४० कलमं बसतात. माती बाहेरून आणायची, शेणखत मिसळून भरायची, पाऊस लागला की जोड मातीच्या वर ठेवून कलम लावायचं. इथवर सगळ्यांना हुरूप असतो. कलमं मरतात ती पुढच्या उन्हाळ्यात.

म्हणून नव्या माणसाला मी पहिलं हेच सांगते, की एप्रिलमध्ये जितक्या कलमांना पाणी घालणं झेपेल तितकीच लावा. तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. विहीर लांब असेल तर यंदा वीसच लावा. राज्य सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचं अनुदानही तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते किती झाडं जगली ते बघून देतात. मला ही अट फार योग्य वाटते.

दुसरं, कामं सणावारांना बांधून घ्या, म्हणजे कंटाळ्याला विचारावं लागत नाही. मिरगाला खत: पहिल्या वर्षी झाडाला १५० ग्रॅम नत्र, ५० स्फुरद, १०० पालाश, आणि दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी तेवढीच वाढ. दसऱ्याच्या सुमाराला बेणणी, म्हणजे तण काढणं. दिवाळी झाली की गडग्यालगतचं, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणालगतचं गवत कापून काढायचं, नाहीतर एका वणव्यात सगळं जातं. शिमग्याआधी आळ्यात गवताचं आच्छादन. जोडाखालचा फुटवा मात्र दिसेल तेव्हा खुडा. तो खालच्या रायवळ खुंटाचा असतो, हापूसला दाबून टाकतो.

सगळ्यात जड जातं ते मोहोर खुडणं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच झाड मोहोरतं, पोरं आंबे मोजायला लागतात. सासूबाई माझ्या मागे उभ्या राहून म्हणायच्या, "एक तरी रवांदे गो." मी नाही ठेवला. पहिली चार वर्षं सगळा मोहोर काढा, झाडाची ताकद फांद्यांत जाऊ दे. पाचव्या वर्षी जोमदार झाडावर थोडी फळं धरा, अशक्त झाडाचं आणखी एक वर्ष खुडा.

तोवर घर कशावर चालणार, हे लावणीआधीच ठरवा. मधल्या कातळावर आंतरपीक येत नाही, त्यामुळे घरातल्या एकाची नोकरी सुरू राहिलेली बरी. कर्ज काढून बाग लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हप्ता दर महिन्याला येतो आणि आंबा दहाव्या वर्षाच्या आसपास हाताला लागतो.

त्यानंतरही हापूस एका वर्षी लगडतो, पुढच्या वर्षी रुसतो. ही त्याची जातच आहे. तेव्हा हिशेब दोन वर्षांचा मिळून मांडा, आणि रिकाम्या वर्षीही मिरगाचं खत चुकवू नका.