खडकवासला धरणातून पाणी सोडायच्या आधी औषधांची पिशवी भरा

पुण्यात मुठा नदीकाठी किंवा ओढ्यालगत राहत असाल आणि घरात इन्सुलिन, ऑक्सिजन किंवा डायलिसिसवालं कोणी असेल तर प्लीज पावसाळाभर एक पिशवी दाराशी तयार ठेवा. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं ते पहाटे, अशा वेळी लाइट नाही, लिफ्ट बंद आणि अंधारात गोळ्या कुठे शोधणार. आठवड्याची औषधं, ग्लुकोमीटर आणि प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स झिपवाल्या प्लास्टिकमध्ये घाला. इन्सुलिन मात्र बर्फाला चिकटवून नेऊ नका, सासूबाईंचं इन्सुलिन पेन आम्ही तसंच नेलं होतं, आत बारीक बर्फाचे कण दिसले, गोठलेलं वापरायचं नसतं म्हणून फेकलं. ओल्या फडक्यात गुंडाळा, वापरात असलेलं पेन बहुतेक चार आठवडे फ्रिजबाहेर टिकतं, पाकिटावर बघून घ्या, फक्त उन्हात किंवा तापलेल्या गाडीत नको. ऑक्सिजन मशीन विजेवर चालतं म्हणून छोटा भरलेला सिलिंडर हवाच, आणि तो उघडायची चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा. डायलिसिस असेल तर पाणी सोडणार कळताच सेंटरला फोन करून पुढचा टर्न आधी मिळतो का विचारा. उचलून न्यावं लागणारं माणूस असेल तर पाणी सोसायटीत यायची वाट बघू नका, उजेड असतानाच नातेवाईकांकडे हलवा, अडलंच तर १०८.