लहान पार्सल स्वस्तात पाठवायचे तर

दर विचारण्याआधी वस्तू पूर्ण बांधा आणि मगच वजन करा. नुसती वस्तू 460 ग्रॅम भरली म्हणून अर्ध्या किलोचा दर धरतात. खोका, बबल रॅप आणि टेप मिळून 60 ग्रॅम वाढले की पार्सल पुढच्या टप्प्यात जाते. आकारणी बहुधा टप्प्याने होते, त्यामुळे वरच्या 20 ग्रॅमलाही अख्ख्या टप्प्याचे पैसे पडतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामाला पुरतो.

वजनाइतकाच आकार महत्त्वाचा. बहुतेक कुरिअर कंपन्या खरे वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त, त्यावर पैसे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि 5000 ने भागायचे. येते ते किलो. काहींचा भाजक 4000 किंवा 6000 असतो, तो दरपत्रकात पाहून घ्या. 600 ग्रॅमचे पार्सल 30 × 20 × 15 च्या खोक्यात असेल, तर आकारमानाचे वजन 1.8 किलो होते. तीच वस्तू 22 × 16 × 8 मध्ये बसली तर ते 0.56 किलोवर येते आणि खरे वजन लागू होते. कंपन्यांचे दर ताडून पाहण्यात लोक तासभर घालवतात, पण खरी बचत पुष्कळदा खोका बदलण्यात असते. माप बाहेरून, जिथे खोका फुगला असेल तिथे घ्या. कमी माप लिहून काही साधत नाही: कंपनीचे यंत्र पुन्हा मोजते आणि फरक नंतर वसूल होतो. पार्सल काट्यावर असतानाचा फोटो काढून ठेवला, तर चुकीच्या वसुलीवर बोलता येते.

आता सेवा. पुस्तकांसारख्या जड आणि आटोपशीर वस्तूंना आकारमानाचा प्रश्न येत नाही. त्यांच्यासाठी टपाल खात्याचा दर आधी पाहा. बऱ्याच देशांत छापील मजकुरासाठी वेगळा, स्वस्त दर असतो, मात्र आत खासगी पत्र घातले तर तो सहसा मिळत नाही. कपड्यांना खोका नकोच. घट्ट घडी घालून प्लॅस्टिकच्या कुरिअर पिशवीत घाला. पातळ, वाकणारी वस्तू मोठ्या पाकिटातून जाऊ शकते, फक्त जाडीची मर्यादा तपासा. किल्ली किंवा पेनड्राइव्हसारखी टणक वस्तू साध्या पाकिटात टाकू नका. छाननी यंत्राच्या रोलरमध्ये पाकीट फाटते आणि वस्तू बाहेर पडते.

जवळच्या अंतराला जलद सेवा आणि साधी सेवा यांत अनेकदा एखाद्या दिवसाचाच फरक असतो. तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका. ट्रॅकिंग नसलेली सेवा हरवले तरी चालेल अशाच वस्तूला वापरा. सांगितलेला दर अंतिम धरू नका: इंधन अधिभार, दुर्गम भागासाठीचे जादा शुल्क, घरून उचलण्याचे पैसे आणि कर मिळवून मगच तुलना करा. पार्सल स्वतः केंद्रावर नेऊन दिले तर काही ठिकाणी स्वस्त पडते.

बांधणीत कंजूषी महागात जाते. नाजूक वस्तूभोवती सर्व बाजूंनी 5 सेंटिमीटर भराव हवा; हलवून पाहा, आत खडखड झाली तर भराव कमी आहे. सुमारे 5 सेंटिमीटर रुंदीची पॅकिंग टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर लावा. सुतळी नको, ती पार्सले वाहून नेणाऱ्या यंत्राच्या पट्ट्यात अडकते. जुना खोका वापरत असाल तर आधीचे बारकोड काढा, नाहीतर पार्सल भलतीकडे जाऊ शकते. लेबल सपाट बाजूवर चिकटवा, कडेवर दुमडू नका. पत्त्याची एक चिठ्ठी आतही टाका. बाहेरचे लेबल निघाले तर तिचाच आधार.

विमा घेण्याआधी अपवादांची यादी वाचा. काच आणि चिनी मातीची भांडी पुष्कळदा वगळलेली असतात, आणि बांधणी अपुरी ठरली की दावा फेटाळला जातो. लिथियम बॅटरी असलेल्या वस्तू, अत्तरे आणि स्प्रे यांवर, विशेषतः विमानाने जाताना, निर्बंध असतात. त्या लपवून पाठवल्या तर पार्सल मध्येच अडकते, म्हणून काउंटरवर आधीच सांगा आणि रस्त्याने जाणारी सेवा मागा.